इंदूरहून डोंगरात जाणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

गणपतीच्या मांडवात, लग्नाच्या पंगतीत, नाहीतर रात्री अकराला फोनवर हे प्रश्न येतात. उत्तरं इंदूर आणि आसपासच्या मराठी मंडळींसाठी आहेत. पुण्या-नाशिकच्या लोकांना यातलं बरंचसं वेगळं वाटेल, कारण आपल्या दाराशी असलेला डोंगरच वेगळा आहे.

इंदूर तर सपाट. इथे ट्रेक करायला डोंगर आहे कुठे?

खाली. इंदूर साधारण ५५० मीटर उंचीवर, माळव्याच्या पठारावर वसलंय. सिमरोल, महू, मानपूरच्या पुढे गेलं की हे पठार संपतं आणि जमीन नर्मदेच्या खोऱ्याकडे तुटते. तोच विंध्याचा कडा. मंडलेश्वरच्या बाजूने पाहिलं तर समोर सलग भिंत उभी दिसते. आपल्या बाजूने मात्र सोयाबीनचं शेवटचं शेत ओलांडेपर्यंत पत्ता लागत नाही.

सह्याद्रीत माणूस सकाळी ताज्या दमाने चढतो आणि दुपारी उतरतो. इथे उलटं. सकाळच्या गारव्यात, गप्पा मारत उतार. आणि चढ सगळ्यात शेवटी, डोक्यावर ऊन, बाटलीत दोन घोट पाणी असताना. दमलो म्हणून परत फिरायचं म्हटलं तरी चढावंच लागतं. या भागातले बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतात. म्हणून हिशेब असा ठेवा: उतरायला एक तास लागला तर परत यायला दोन तास धरायचे, आणि तळाशी पोहोचताना निम्म्याहून बरंच जास्त पाणी शिल्लक पाहिजे. नसेल तर 'कुंड आता दहाच मिनिटांवर आहे' असं कोणी कितीही सांगो, तिथूनच फिरायचं.

अगदी पहिल्यांदा जायचंय. कुठे जाऊ?

रालामंडल. शहराला लागून आहे, अभयारण्य असल्यामुळे तिकीट आहे, वाट ठरलेली आहे आणि वर होळकरांची शिकारकोठी. अर्ध्या दिवसात घरी. तिथे दम लागला तर वाईट वाटून घेऊ नका, उलट बरं झालं, शहराजवळच कळलं.

त्यानंतर महूच्या पुढचं जानापाव. साडेआठशे मीटरच्या वर आहे, परशुरामाचं जन्मस्थान म्हणून लोक जातात, आणि चंबळेचा उगम इथलाच. देवळापर्यंत गाडी जाते, तरी पायथ्याला गाडी ठेवून पायवाटेने चढा. आपल्याकडच्या मोजक्या 'आधी चढ, मग उतार' वाल्या जागांपैकी ही एक, त्यामुळे नवशिक्याला सोपी पडते. कजलीगड, गिदिया खोह, जोगी भडक ही नावं त्यानंतरची. तिथे कडा आहे, आणि कड्याला कठडा असेलच असं नाही.

पावसाळ्यात धबधब्यावर गेलं तर चालेल ना? सगळेच जातात.

जा, पण बघायला. पाण्यात उतरायला नाही.

जुलै २०११ मध्ये पाताळपाणीच्या धबधब्यावर प्रवाहाच्या मधोमध खडकावर उभं असलेलं एक कुटुंब लोंढ्यात कड्यावरून खाली गेलं. सगळे वाचले नाहीत. काठावरून कोणीतरी केलेलं चित्रण तेव्हा देशभर दाखवलं गेलं, तुम्हीही पाहिलं असेल. त्यात एक गोष्ट नीट दिसते: पाणी आलं तेव्हा ते लोक मस्ती करत नव्हते, आणि पाणी वाढायला लागल्यावर हलायला वेळच उरला नव्हता.

असं का होतं हे समजून घ्या. चोरल आणि तिच्यासारख्या नद्या पठारावरचं पाणी गोळा करून कड्यावरून खाली टाकतात. माळव्याची काळी माती एकदा भिजून तुडुंब झाली की आणखी पाणी पीत नाही. खाली बेसॉल्टचा कातळ, तोही पीत नाही. मग वरच्या गावांमध्ये तासभर जोराचा पाऊस झाला की ते सगळं पाणी ओढ्याला येतं. तुमच्या डोक्यावर तेव्हा चक्क ऊन असू शकतं. 'इथे तर पाऊस नाही' हे वाक्य म्हणूनच काही कामाचं नाही.

पाणी अचानक गढूळ झालं, काड्या-पाला वाहत यायला लागला, किंवा वरून घरघर ऐकू आली की बॅग, चप्पल, मोबाइल काही न उचलता बाजूच्या उंच जागी चढायचं. प्रवाहाच्या दिशेने पळायचं नाही, ओढा तिकडेच येतो. गुडघ्यापर्यंतचं वेगवान पाणीही धडधाकट माणसाला पाडतं, त्यामुळे परतीचा ओढा चढला असेल तर अलीकडेच बसून राहायचं. लहान ओढ्याचा लोंढा काही तासांत ओसरतो. उशीर झाला म्हणून घरचे ओरडतील, ओरडू द्या.

शेवाळलेल्या बेसॉल्टवर कोणत्याही बुटाची पकड टिकत नाही. कड्याच्या टोकावर सेल्फीसाठी उभं राहणाऱ्यांना हे सांगून मी थकलो. तिंछा, मुहाडी, पाताळपाणी या ठिकाणी प्रशासन पावसाळ्यात मनाईचे आदेशही काढतं. निघायच्या आदल्या दिवशी स्थानिक बातम्या बघा, आणि बंदी असेल तर 'मागच्या वाटेने' नेणाऱ्या गावातल्या पोराच्या नादी लागू नका.

पाताळपाणी ते कालाकुंड रुळांवरून चालत जातात म्हणे?

जातात, आणि जाऊ नये. ती मीटरगेज डिसेंबर २०१८ पासून हेरिटेज गाडी म्हणून चालते. वाटेत बोगदे आहेत, पूल आहेत, आणि गाडी आली तर बाजूला व्हायला जागा नाही. शिवाय विनापरवाना रुळांवर फिरणं हा रेल्वे कायद्याखाली गुन्हा आहे. तिकीट काढा, खिडकीशी बसा, कालाकुंडला उतरून कलाकंद खा. हा ट्रेक नाही, पण दिवस मस्त जातो.

महूच्या बाजूला जंगलात 'प्रवेश निषिद्ध' पाट्या दिसतात. त्यांचं काय?

पाळायच्या. तिथे लष्कराचे फायरिंग रेंज आहेत. गोळीबार चालू नसला तरी न फुटलेला गोळा जमिनीत पडलेला असू शकतो. जमिनीवर धातूचं काहीही दिसलं तरी हात लावू नका, पायाने उलटवू नका, मुलांना आधीच बजावून ठेवा.

बिबट्या भेटला तर?

या पट्ट्यात बिबटे आहेतच. २०२३ च्या उन्हाळ्यात तर महूच्या आर्मी वॉर कॉलेजच्या आवारात वाघ कॅमेऱ्यात टिपला गेला होता. तरी खरं सांगायचं तर दिवसा, बोलत-चालत जाणाऱ्या चार माणसांच्या वाटेला बिबट्या सहसा येत नाही. पहाटे आणि संध्याकाळी मात्र दाट झाडीत राहू नका, लहान मुलांना मागे रेंगाळू देऊ नका. समोर आलाच तर पळायचं नाही, खाली वाकायचं नाही. मुलांना उचला, हात वर करून मोठे दिसा, मोठ्याने बोलत सावकाश मागे सरका.

मला बिबट्यापेक्षा आग्या मोहोळाची जास्त धास्ती वाटते. कड्याच्या कपारीत, जुन्या कमानीखाली काळं मोठं पोळं दिसलं की आवाज, धूर, अत्तर, दगड सगळं बंद. उठलंच तर चेहरा आणि डोकं झाकून पळत सुटा आणि थांबू नका. झटकत बसलात की आणखी येतात.

साप चावला तर?

दवाखाना. एवढंच उत्तर आहे, बाकी सगळं तिथे पोहोचेपर्यंत काय करू नये याची यादी: चिरा देऊ नका, चोखू नका, दोरी आवळू नका, बर्फ लावू नका, साप मारून बरोबर न्यायच्या भानगडीत पडू नका. अंगठी, कडं, घड्याळ काढा, चावलेला हात किंवा पाय काठीला बांधून स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका. भोंदू आणि झाडपाला यात गेलेला तास परत मिळत नाही. सर्पविषावरचं इंजेक्शन इंदूरला एम. वाय. हॉस्पिटलसारख्या मोठ्या सरकारी दवाखान्यात मिळतं. १०८ ला फोन करतानाच 'साप चावलाय' हे सांगा म्हणजे ते जवळची जागा सांगतील.

मुक्काम करणाऱ्यांनी मण्यार लक्षात ठेवावी. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि चावा इतका हलका असतो की कधी कळतही नाही. पहाटे पोटात दुखणं, पापण्या जड होऊन खाली येणं ही लक्षणं दिसली तर अपचन समजू नका. तळ असलेला तंबू घ्या, त्याची चेन नेहमी बंद ठेवा, आणि बूट घालण्याआधी झटका.

पाणी किती आणि खायला काय?

थंडीत दिवसाला माणशी किमान तीन लिटर, मार्चनंतर चार. एप्रिल ते जूनमध्ये सकाळी दहानंतर दरीत असू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बोलणं असंबद्ध झालं, चाल झोकांडी खायला लागली, अंग भट्टीसारखं तापलं तर ते उष्माघात. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि गाडी बोलवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

घामाबरोबर मीठही जातं, नुसतं पाणी पुरत नाही. ओआरएसची पाकिटं ठेवा. नसतील तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण पाठ करा. मीठ अंदाजाने टाकू नका.

खायला दशम्या, लसणाची चटणी, गूळ-दाणे, उकडलेले बटाटे. शेव प्रत्येक इंदुरी पिशवीत निघतेच, खा, पण तिने तहान वाढते. आणि एक विनंती: पोहे-जिलेबीसाठी राऊला थांबू नका. पंधरा मिनिटं म्हणून बसलेली मंडळी तासाने उठतात, चहा होतो, पान होतं, आणि तो हरवलेला गार तास शेवटच्या चढाला वसूल होतो. पोहे परतताना खा, इंदुरात ते संध्याकाळीही मिळतात.

बूट कोणते घेऊ? महागच लागतात का?

नाही. आसपासच्या एका दिवसाच्या ट्रेकला खोल खाचांचा रबरी तळ असलेले साधे ट्रेकिंग शूज पुरतात. सह्याद्रीत वर्षानुवर्षं ॲक्शन कंपनीच्या स्वस्त बुटांवर लोक गड चढत आलेत. जिमचे गुळगुळीत तळव्याचे, जाड फोमचे शूज नकोत. सुक्या मुरमावर ते घसरतात आणि उतारावर घोटा वळतो.

ब्रँडपेक्षा माप महत्त्वाचं. संध्याकाळी खरेदीला जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. ट्रेकला घालणार तेच मोजे घाला. नाडी न बांधता पाय पुढे सरकवला की टाचेमागे बोट सहज गेलं पाहिजे. दुकानातल्या जिन्यावरून चार वेळा उतरून बघा: अंगठा पुढे टेकत असेल तर तो जोड परत ठेवा. आपले ट्रेक उताराने सुरू होतात, नखं काळी-निळी होतात ती इथेच. नवा बूट थेट ट्रेकला नाही. आधी दोन आठवडे बाजारहाट त्यातच करा. आणि जुना, कपाटात तीन-चार वर्षं पडून राहिलेला महागडा बूट असेल तर वाकवून बघा. तळवा चिकटवणारा गोंद आणि फोम नुसते ठेवूनही म्हातारे होतात, मग अर्ध्या वाटेत तळवा सुटतो. पिशवीत थोडी चिकटपट्टी आणि नाडीएवढी दोरी त्यासाठीच.

बाकी सामान काय? दोर नेऊ का?

दोर वापरायला शिकला नसाल तर नेऊ नका. कपडे वाळत घालायच्या नायलॉनच्या दोरीवर माणूस लटकवणाऱ्यांचे व्हिडिओ पाहून पोटात गोळा येतो. रॅपलिंग, म्हणजे दोराने कडा उतरणं, करायचंच असेल तर प्रशिक्षकाबरोबर, शिरस्त्राण घालून, आणि हार्नेस (कमरेचे पट्टे) व कॅराबिनरवर (दोराची कडी) यूआयएए (आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण संघटना) किंवा ईएन (युरोपीय) प्रमाणाची खूण आहे का ते स्वतः बघून.

वीस-पंचवीस लिटरची, कमरेला पट्टा असलेली सॅक. हेडटॉर्च दिवसाच्या ट्रेकलाही हवाच: डिसेंबरात इंदूरला पावणेसहाच्या सुमारास सूर्य बुडतो आणि दरीत त्याच्या बऱ्याच आधी अंधारतं. मोबाइलचा टॉर्च एक हात अडकवतो आणि फोन संपवतो. शिट्टी, टोपी, पूर्ण बाह्यांचा पटकन वाळणारा शर्ट. जीन्स नको. बँडेज, जंतुनाशक, स्वतःची रोजची औषधं, आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोज्यांचा एक कोरडा जोड. दोन काठ्या असतील तर गुडघे दुवा देतील.

विजा कडाडायला लागल्या तर झाडाखाली थांबू?

अजिबात नाही. वीज पडून होणाऱ्या मृत्यूंत मध्य प्रदेश देशात वरच्या क्रमांकावर असतो. वीज दिसल्यापासून गडगडाट तीस सेकंदांच्या आत ऐकू आला तर ती अंगावर येण्याइतकी जवळ आहे. कड्याची धार, एकटं झाड, पाणी, लोखंडी कठडा सोडा आणि खालच्या बाजूला सरका. पक्कं घर किंवा बंद गाडी सगळ्यात बरी. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास हलू नका. घोळका करून उभे राहू नका, अंतर ठेवा.

मुलगी एका ग्रुपबरोबर जायचं म्हणते. पाठवू का?

ग्रुपला विचारा, मुलीला नाही. किती जण आणि त्यांच्यामागे नेणारे किती? त्या वाटेवर आधी कोण जाऊन आलंय? सगळ्यात शेवटी कोण चालणार? प्रथमोपचार कोणाला येतो? परत फिरायची वेळ किती ठरलीय? रात्री मुक्काम असेल तर बायकांची सोय काय? या प्रश्नांवर जो चिडतो किंवा 'टेन्शन नका घेऊ काकू' म्हणतो, त्याच्याबरोबर पाठवू नका. एका बसमध्ये पन्नास-साठ जण कोंबून धबधब्यावर नेणं हा धंदा आहे, ट्रेक नाही. बाकी मुलगी आहे म्हणून वेगळा नियम नाही; हेच प्रश्न मुलासाठीही विचारा. ते सहसा कोणी विचारत नाही.

साठीनंतर जमेल?

जमतं. डॉक्टरांना विचारून, रक्तदाब-साखरेच्या गोळ्या बरोबर घेऊन. मात्र दरीत उतरणाऱ्या वाटा टाळा आणि जानापाव, मांडूसारख्या जागा निवडा, जिथे दमलं की परतीची वाट उताराची किंवा सपाट असते. पचमढीही छान. धूपगड, सुमारे १३५० मीटर, सातपुड्याच्या डोक्यावरचा, मध्य प्रदेशातला सर्वांत उंच. त्यावर गाडी जाते. चौरागडला हजारावर पायऱ्या आहेत. नागपंचमीच्या सुमाराची नागद्वारी यात्रा मात्र भोळेपणाने ठरवू नका. विदर्भातली हजारो माणसं भक्तीने जातात, पण पाऊस, निसरडी वाट आणि गर्दी यांचा तो कस आहे. तिथला खडकही वेगळा, वालुकाश्म. कोरडा असला तर पकड देतो, पण कडेला भुगा होऊन सुटतो.

सह्याद्रीत पहिला गड कोणता?

इंदूरकरांना जवळ पडतो तो साल्हेर. आग्रा-मुंबई रस्त्याने सेंधवा, धुळे आणि तिथून सटाण्याकडे. १५६७ मीटर, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला, १६७२ च्या लढाईचा, आणि २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या बारा किल्ल्यांपैकी एक. आणखी लांब जायची तयारी असेल तर बारी गावातून कळसूबाई, १६४६ मीटर. अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत. शनिवार-रविवारी तिथे शिडीखाली रांग लागते, त्यामुळे मधला वार काढा. रात्रभर गाडी चालवून सकाळी थेट चढू नका. चालवणाऱ्याला परतताना डुलकी लागते, आणि त्या रस्त्यावर ते गडापेक्षा जास्त धोक्याचं आहे.

हिमालयात जायचंय. तयारी किती आणि उंचीचा त्रास म्हणजे काय?

तीन महिने धरा. इंदुरात चढ नाही ही सबब चालत नाही; जिना आहे. आठवड्यातून तीन दिवस पाठीवर सहा-सात किलो घेऊन जिना चढा आणि, मुख्य म्हणजे, लिफ्टने न येता चालत उतरा. मांड्यांची खरी परीक्षा उताराची असते. बाकी दिवशी भरभर चालणं.

पण उंचीचा त्रास व्यायामाने टळत नाही. धावपटूलाही होतो, आणि धावपटू भराभर वर जातो म्हणून त्याला आधी होतो. अडीच हजार मीटरच्या वर हवेचा दाब कमी, म्हणून प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी. शरीराला त्याची सवय व्हायला दिवस लागतात. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं ही सुरुवात. अशी लक्षणं असताना आणखी वर जाऊन झोपायचं नाही. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची जागा दिवसाला पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच काढावा. लेहला विमानाने उतरणारे एका झटक्यात साडेतीन हजार मीटरवर जातात. पहिले दोन दिवस हॉटेलात लोळा, पैसे वसूल करायला निघू नका.

बसल्या जागी धाप लागत असेल, खोकल्यातून फेस येत असेल, किंवा टाचेला पंजा लावून सरळ रेषेत चालता येत नसेल तर फुफ्फुसात किंवा मेंदूत पाणी होतंय. रात्र असो, पाऊस असो, त्या माणसाला खाली न्यायचं. सकाळची वाट बघायची नाही. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी डॉक्टरांना विचारूनच. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी ते आधी सांगावं. दारू आणि झोपेची गोळी दोन्ही बंद. रक्तातला प्राणवायू मोजणाऱ्या, बोटाला लावायच्या यंत्रातला आकडा चांगला आला म्हणून डोकेदुखी खोटी ठरत नाही. पहिल्या खेपेला उत्तराखंडातला केदारकांठा, सुमारे ३८०० मीटर, ठीक आहे. ओळखीच्याने केलाय म्हणून थेट पाच हजारांवरचा घेऊ नका.

मला खरं गिर्यारोहण शिकायचंय, एव्हरेस्ट वगैरे.

मग ट्रेक मोजत बसू नका, कोर्स करा. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट १९५४ ची, उत्तरकाशीची नेहरू संस्था १९६५ ची. मनाली आणि पहलगामलाही सरकारी संस्था आहेत. प्राथमिक कोर्स साधारण चार आठवड्यांचा: दोर, गाठी, बर्फावर घसरताना स्वतःला थांबवणं. त्यात ए श्रेणी मिळाली तर पुढचा कोर्स. जागा लवकर भरतात, अर्ज बऱ्याच आधी करावा लागतो. मे २०१९ मध्ये मेघा परमार आणि भावना डेहरिया एव्हरेस्टवर पोहोचल्या. एक सिहोर जिल्ह्यातली, दुसरी छिंदवाड्याकडची. सपाट मुलखातून आलोय हे कारण त्यानंतर कोणी देऊ नये.

कोणी जखमी झालं किंवा वाट चुकलो तर?

वाट चुकली असं वाटलं की तिथेच थांबा. 'खाली ओढा असेल, ओढ्याने गाव लागेल' हा विचार सह्याद्रीत जितका वाईट, तितकाच इथे: आपले ओढे धबधब्यावरून उड्या मारतात. उजेड असेल तर ओळखीच्या शेवटच्या जागेपर्यंत उलटं चढत या. अंधार पडला तर कडेपासून दूर बसा. शिट्टीचे मिनिटाला सहा आवाज, मग मिनिटभर शांत, पुन्हा सहा. हा डोंगरातला मदतीचा इशारा आहे. ११२ हा आणीबाणीचा क्रमांक तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या नेटवर्कवरून लागू शकतो. फोन लागला की आधी जवळचं गाव आणि कोणत्या रस्त्याने उतरलात ते सांगा, मग बाकीचं. घरी एका माणसाला निघण्यापूर्वीच जागा, सोबतची नावं आणि 'इतक्या वाजेपर्यंत फोन नाही आला तर शोध सुरू करा' ही वेळ लिहून दिलेली हवी.

दरीत बहुधा रेंज नसते. मग कोणीतरी वर जाऊन फोन लावावा लागतो. एकट्याला पाठवू नका, दोघांना पाठवा. जखमीजवळही एक जण थांबलाच पाहिजे. म्हणजे दरीत उतरताना निदान चौघं हवेत, आणि दोघंच निघाले असाल तर त्या दिवशी कड्यावरच फिरा.